निफाडात ६ अंशाला आपली बोंब, मग सायबेरियात माणसं गेलीच कशाला?

द्राक्षवाला | पहाटे ४:२०

झोप नाही म्हणून लिहितोय. शिवारात पारा ६ वर आलाय. बाग मण्यात पाणी उतरायच्या अवस्थेत आहे, आता गारठा बसला की मणी तडकतो आणि वर्षभराची मेहनत मातीत जाते. बांधाच्या कडेनं शेकोट्या लावल्यात, बोरची मोटर चालू करून ठिबकनं पाणी सोडलंय. अंगात दोन स्वेटर, कानटोपी, वर मफलर, आणि तरी दात वाजतायत.

बरोबर थोरला आहे, दहावीला. शेकोटीपाशी बसून मोबाईलवर वाचत होता. म्हणतो, "पप्पा, सायबेरियात ओय्म्याकोन म्हणून गाव आहे, तिथं १९३३ साली उणे ६७.७ झालं होतं. आणि लोक राहतात तिथं." थोड्या वेळानं म्हणतो, "माणूस मूळचा आफ्रिकेतला ना? मग ऊन सोडून तिकडं कशाला गेला?"

मी म्हटलं, हाकलला असेल कुणीतरी. पण माझंच समाधान झालं नाही. हाकलला तर थोडं लांब जाऊन थांबेल की. अंगावर केस नाहीत, खाली चरबी नाही, अशा जनावरानं आर्क्टिकच्या काठाला जाऊन बिऱ्हाड मांडायचं म्हणजे काय? जाणकारांनी सांगावं. फक्त 'माणूस जिज्ञासू प्राणी आहे' हे शाळेतलं उत्तर नको. जिज्ञासा मलाही आहे, मी काही उणे ६७ मध्ये गेलो नाही.

शंकेखोर | सकाळी ७:०५

भाऊबंदकी. दुसरं काय असणार? बांधावरून वाजलं असेल, धाकटा म्हणाला असेल ठेव तुझी आफ्रिका तुलाच, आणि निघाला वर.

आडवाट | सकाळी ८:४०

शंकेखोर, तुमच्या भाऊबंदकीकडे नंतर येतो, तिच्यात थोडं तथ्य आहे.

द्राक्षवाले दादा, प्रश्नातच एक गोम आहे. आपल्या डोळ्यापुढे असा माणूस येतो की जो आफ्रिकेत उन्हात बसला होता आणि उठून सायबेरियाला निघाला. असा माणूस कधी नव्हताच. हिशोब करून बघा. सिनाईपासून उत्तर सायबेरियातल्या याना नदीच्या मुखाकडे सरळ रेषेत साधारण ७ हजार किलोमीटर भरतात. टोळी वर्षाला सरासरी १ किलोमीटर सरकली तरी ७ हजार वर्षांत पोचते. एका पिढीच्या वाट्याला येतात २५ किलोमीटर, म्हणजे निफाडहून लासलगाव आणि वर थोडं. आजोबा जिथे शिकार करत त्याच्या पुढच्या खोऱ्यात नातू शिकार करतो. त्याला वाटतच नाही की आपण स्थलांतर करतोय. आफ्रिकेचं ऊन त्याने पाहिलेलं नाही, त्यामुळे सोडून आल्याचं दुःखही नाही.

आता याना. आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच आत, जवळजवळ ७१ अंश उत्तरेला, तिथे सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती. व्लादिमीर पितुल्को यांच्या चमूने २००४ मध्ये हे जगापुढे मांडलं. केसाळ गेंड्याच्या शिंगापासून केलेला भाल्याचा जोडदांडा तिथे निघाला, मॅमथच्या, म्हणजे आता नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यांच्या वस्तू निघाल्या. दोन मुलांचे पडलेले दुधाचे दात मिळाले आणि त्या दातांतून २०१९ मध्ये त्या लोकांचा जनुकपट, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला. दुधाचे दात पडायच्या वयाची पोरं तिथे हिंडत होती, म्हणजे बायकापोरांसकट संसार होता. दोन-चार धाडसी गडी जाऊन परत आले असला प्रकार नव्हे.

त्याहून जुना पुरावा सायबेरियातल्याच येनिसेई नदीच्या मुखाजवळचा. ७२ अंश उत्तरेला एक मॅमथ मिळाला, सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या हाडांवर हत्यारांचे घाव. तो २०१२ मध्ये तिथल्या ११ वर्षांच्या एका मुलाला दिसला होता. थोरल्याला हे जरूर सांगा.

पण खरी मेख पुढे आहे. त्या काळचा सायबेरिया आजच्यासारखा नव्हता. आज तिथे दलदल, शेवाळ, उन्हाळ्यात डासांचे ढग आणि जनावर विरळ. तेव्हा स्पेनपासून थेट आजच्या अलास्का-युकॉनपर्यंत गवताचा एक पट्टा पसरलेला होता. त्यावर मॅमथ, घोडे, रानगवे, रेनडियर, केसाळ गेंडे. थंडी भयंकर, पण हवा कोरडी. जगातलं एवढं पाणी हिमचादरींत अडकलं होतं की हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. समुद्र लांब गेला, ढग आटले, बर्फ कमी पडू लागलं. युरोपच्या उत्तरेवर आणि कॅनडावर किलोमीटरच्या हिशोबात बर्फ चढलं, सायबेरियाचा बहुतेक भाग मात्र मोकळा राहिला, कारण बर्फ साठायलाही ओल लागते. हिवाळ्यात उभं वाळलेलं गवत म्हणजे जागेवरचा कडबाच. वरचं पातळ बर्फ खुरांनी उकरलं की वैरण हजर. जिथे वैरण तिथे जनावर, आणि जिथे जनावर तिथे ही मंडळी.

द्राक्षवाला | सकाळी ९:३०

हे पटलं. आमच्याकडं धनगरांचे वाडे येतात तसंच झालं हे. मेंढरं जिकडं, बिऱ्हाड तिकडं. परवाच खालच्या रानात बसवलेत, खताला.

पण दादा, धनगर पावसाळ्यात माघारी जातो. त्याला घर आहे. हे लोक माघारी का नाही गेले?

आडवाट | सकाळी ९:५५

जात होते की. रेनडियरचे कळप उन्हाळ्यात उत्तरेला आणि हिवाळ्यात दक्षिणेला, झाडांच्या आडोशाला जातात. उत्तर सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पातले नेनेत्स लोक आजही रेनडियर घेऊन वर्षाकाठी शेकडो किलोमीटरची अशी ये-जा करतात. उन्हाळी मुक्काम दरवर्षी थोडा वर सरकत गेला की काही शतकांनी हिवाळी मुक्कामही वर सरकतो. 'स्थायिक झाले' हा आपला शेतकऱ्याचा शब्द आहे.

सुईदोरा | सकाळी ११:१०

घरातली कामं आवरून वाचायला बसले. तुम्ही सगळे भाले आणि मॅमथ धरून बसलात, म्हणून मी लिहिते. ही सगळी गोष्ट सुईच्या नेढ्यातून गेलेली आहे.

माझी आई गोधड्या शिवायची. आठ-दहा जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालत कडेपासून आत चौकोन-चौकोन करत यायची. लहानपणी मी विचारलं होतं, नुसती एकावर एक पांघरली तर काय होतं? आई म्हणाली, रात्री कूस बदललीस की फट पडते आणि त्या फटीतून थंडी शिरते, टाका त्या फटीसाठी असतो. कातडं पांघरलेला माणूस आणि कातडं शिवून घातलेला माणूस यांच्यात हाच फरक. पांघरलेलं कातडं शेकोटीपाशी बसायला ठीक आहे. ते घेऊन भाला फेकून दाखवा.

कातड्याला भोक पाडायला चांभाराची आरी असते, तसा हाडाचा टोच्या माणसाकडे फार पूर्वीपासून होता. त्याने भोक पाडायचं, मग दोरा हाताने ओवायचा. जाडजूड काम होतं, पण भोक दोऱ्यापेक्षा मोठं राहतं. नेढं असलेली सुई दोरा स्वतःबरोबर ओढून नेते, त्यामुळे भोक बारीक आणि टाका जवळजवळ. दक्षिण सायबेरियातल्या आल्ताय पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत हाडाची अशी एक सुई मिळाली आहे, सुमारे ७ सेंटीमीटर लांब, आणि उत्खनन करणारे तिचं वय ५० हजार वर्षांच्या आसपास सांगतात. आत्ता माझी दाभण मोजून पाहिली, साधारण तेवढीच भरली. यानालाही हाडाच्या नेढ्यावाल्या सुया आहेत. निअँडरथल माणूस, म्हणजे आपली नामशेष झालेली भावकी, कातडं कमावत होता, पण त्याच्या वस्त्यांमध्ये अशी सुई काही मिळालेली नाही.

यानाला सशांची हाडंही ढिगाने निघाली, आणि कित्येक सांगाडे जागच्या जागी जुळलेले. खाण्यासाठी मारला असता तर सांधे सुटले असते. बहुधा ससे कातड्यासाठी धरत होते. सशाची लव किती मऊ असते ते ज्याने हात फिरवलाय त्याला माहीत. आतल्या कपड्याला, पोरांच्या टोपीला याहून चांगलं काय?

आणि दोरा कसला? रेनडियरच्या पाठीच्या कण्यालगतची कंडरा, म्हणजे स्नायूचा चिवट तंतू, सुकवून तिच्या चिरून काढलेल्या बटा. पिंजाऱ्याच्या धनुकलीला तात असते तिच्याच नात्यातलं म्हणा. कॅनडा-ग्रीनलंडच्या आर्क्टिक भागातल्या इनुइट बायका आता आतापर्यंत यानेच शिवत होत्या. हा दोरा भिजला की फुगतो आणि टाक्याचं भोक आपोआप बुजतं, पाणी आत येत नाही. कपडे दुहेरी असत, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव बाहेर, मध्ये हवेची गादी.

रशियात सुंगिर म्हणून जागा आहे, मॉस्कोच्या पूर्वेला. ३४ हजार वर्षांपूर्वीची दफनं. एक मोठा पुरुष आणि दोन मुलगे. तिघांच्या अंगावर मिळून मॅमथच्या सुळ्याचे १३ हजारांवर मणी. कपडा केव्हाच कुजला, पण मणी टाचलेले होते तिथेच पडून राहिले, त्यावरून टोपी, अंगरखा, विजार यांचा अंदाज आला. १३ हजार मणी कोणीतरी एकेक करून भोक पाडून ओवलेत हो. कुडकुडत, कसंबसं जगणाऱ्यांचं हे काम नाही.

शंकेखोर | दुपारी १२:०२

ताई, दंडवत. थोडी भर घालतो, किळसवाणी आहे, जेवण झालं असेल तरच वाचा.

कपडे कधी आले हे उवांवरूनही काढतात. डोक्यातली ऊ केसांत राहते, कपड्यातली ऊ शिवणीत अंडी घालते. दुसरी जात पहिलीपासून फुटली ती माणूस नेमाने कपडे घालायला लागल्यावरच. जनुकांवरून काढलेला एक अंदाज ७० हजार वर्षांच्या आसपासचा आहे, नंतरच्या २०११ च्या एका अभ्यासात तो १ लाख ७० हजारांवर गेला. दोन्हींत मोठी तफावत आहे हे खरं. पण कुठलाही धरा, वर निघण्याआधीच आपण उवांसकट कपड्यात होतो असं दिसतं.

माजी_जवान | दुपारी २:२५

राम राम मंडळी. मी लडाखला दोन विंटर काढलेत, द्रासकडं. पुस्तकातलं मला माहीत नाही, डोळ्यानं बघितलेलं सांगतो.

नवीन पोरगा पोस्टवर आला की त्याला वाटतं थंडी मारते. थंडी नंतर मारते, आधी घाम मारतो. सामान घेऊन चढाला लागला, जोशात चालला, बनियन भिजली, आणि वर पोचून उभा राहिला की पाच मिनिटांत बनियन पाठीला बर्फासारखी. आमचे उस्ताद ओरडायचे, धीरे चल, घाम काढू नको, गरम वाटायला लागलं की आधी कॉलर उघड. जुराबांची, म्हणजे मोज्यांची, सुकी जोडी छातीशी ठेवायची, पायात घालायच्या आधी. सुईदोरा ताई, तुमचं दुहेरी कपड्याचं वाचून हेच आठवलं. तो इनुइट कोट सैल असतो, डोक्यावरची टोपी मागं टाकली की गळ्यातून वाफ निघून जाते. आमची नाड्यांची आणि चेनची जाकिटं तेच काम करायची.

दुसरं म्हणजे जळण. बुखारीला, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीला, रॉकेल खालून यायचं म्हणून आम्ही होतो. त्या लोकांनी काय जाळलं? झाड तर नाही म्हणता तिथं.

आडवाट | दुपारी ३:१५

हाडं जाळली, साहेब. ताज्या हाडात मज्जा आणि चरबी असते, थोड्या लाकडाने पेट घेतला की ते बराच वेळ जळतं. रशियातल्या डॉन नदीकाठच्या कोस्तेंकी गावात जळक्या हाडांचे थर आहेत, गावाच्या नावातच हाडं आहेत. तिथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं मॅमथच्या हाडांचं १२ मीटरहून रुंद वर्तुळ निघालं, किमान ६० मॅमथांची हाडं. युक्रेनमधल्या मेझिरिचला १९६५ मध्ये एका शेतकऱ्याने तळघर खणायला घेतलं तर मॅमथच्या जबड्यांची रचलेली भिंत लागली. आपल्याकडे दगड रचतात तसे जबडे एकात एक अडकवलेले. वर कातडी ताणली की झालं घर.

तिरफळ | दुपारी ४:४०

आमका कोकणातल्यांका १८ अंशाक गोधडी लागता, तेव्हा मी गप्प बसलेलो बरो. पण खाण्याचो विषय कोणीच काढूक नाय म्हणान घुसतंय. आता सगळ्यांसाठी प्रमाण मराठीत.

भाजी नाही, फळ नाही, मग स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, का झाला नाही? मला वर्षानुवर्षं पडलेला प्रश्न. उत्तर असं की मांस कच्चं किंवा अर्धंकच्चं खाल्लं तर त्यात क जीवनसत्त्व थोडं राहतं, शिजवलं की बरंचसं जातं. यकृतात बरंच असतं. इनुइट लोक देवमाशाची कातडी चरबीसकट कच्ची खातात, मुक्तुक म्हणतात, तिच्यात तर चांगलंच असतं. मासळी जास्त शिजवली की आमची आजी हात कपाळाला लावायची, तिला हे फार आवडलं असतं.

दुसरी गोष्ट चरबी. नुसतं चरबी नसलेलं मांस खाऊन माणूस थंडीत मरतो. पोट भरलेलं असतं, तरी जुलाब, अशक्तपणा. उत्तर कॅनडात याला सशाची उपासमार म्हणायचे, कारण हिवाळ्याच्या शेवटी हाडकुळ्या सशांवर राहणाऱ्यांना ती गाठायची. यकृताला एका मर्यादेपलीकडे प्रथिनं झेपत नाहीत. त्यामुळे मॅमथ, सील, देवमासा यांचं महत्त्व मांसापेक्षा चरबीसाठी. तीच चरबी दिव्यातही. इनुइटांचा दगडी दिवा असतो, कुल्लिक, चंद्रकोरीसारखा. त्यात सीलची चरबी, काठाला शेवाळाची वात. त्याच्यावरच उजेड, ऊब, बर्फ वितळवून पाणी आणि ओले मोजे सुकवणं. वात सरळ करत बसणं हे घरातल्या बाईचं काम. आमच्या घरी समईची वात सारखी करायला आजीच लागायची.

शरीरातही थोडे बदल झालेत. ग्रीनलंडच्या इनुइटांवर २०१५ मध्ये अभ्यास झाला, चरबीयुक्त आम्लं हाताळणारी त्यांची जनुकं त्या आहाराला जुळवून घेतलेली निघाली. पण हे बदल मागून आले. आधी लोक गेले.

आणि फ्रीज फुकट! शरद ऋतूत कळप गाठायचा, जमिनीत खड्डा करायचा, खालची माती बारमाही गोठलेली. आम्ही सुकटीला चार दिवस ऊन दाखवतो, पावसाची धास्ती घेत.

शंकेखोर | सायंकाळी ५:३०

आता माझी मूळ शंका. तुम्ही सगळे असं लिहिताय की जणू हे लोक गेले, सुया घेतल्या, चरबी खाल्ली आणि सुखाने नांदले. किती जण मेले त्याचं कोण सांगणार? टिकले त्यांची हाडं आपण मोजतोय. अर्ध्या वाटेत संपलेल्या टोळीची काय हाडं सापडणार?

आडवाट | सायंकाळी ६:२०

बरोबर बोललात. हा मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता.

साधारण २६ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वी हिमयुग टिपेला पोचलं, तेव्हा उत्तरेकडचे लोक मागे हटले किंवा संपले. ब्रिटन ओस पडलं. युरोपातली माणसं स्पेन, इटली अशा दक्षिणेच्या कोपऱ्यांत आकसली. यानावाल्यांचंही तेच. त्यांच्या जनुकांवरून दिसतं की त्यांच्या जागी नंतर पूर्व आशियाकडून आलेले लोक बसले, आणि त्यांच्याही जागी पुन्हा दुसरे. आजचे सायबेरियातले लोक हे बहुतांशी मागून आलेल्यांचे वंशज. तेव्हा 'थंडीत माणूस स्थायिक झाला' हे एकदा घडलेलं नाही. लाट वर गेली, मागे आली, परत गेली.

सुईदोरा | सायंकाळी ७:००

जे टिकले ते कशामुळे, यावर एक सांगते. सोयरीक.

सुंगिरच्या त्या मंडळींचे जनुकपट २०१७ मध्ये वाचले. एकाच जागी, जवळपास एकाच काळी पुरलेली माणसं, आणि तरी जवळचं रक्ताचं नातं नाही. टोळी लहान असूनही आपसातल्या लग्नाच्या खुणा नाहीत. म्हणजे मुली किंवा मुलगे लांबच्या टोळीत दिले-घेतले जात होते. आमच्या भागात म्हणायचे, दुष्काळात कणगीपेक्षा व्याही कामाला येतो. एका खोऱ्यात कळप आला नाही तर दुसऱ्या खोऱ्यात जाऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? जिथे लेक दिली तिथे.

आर्क्टिक समुद्रात झोखोव्ह नावाचं बेट आहे, ७६ अंशावर. ९ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे लोक कुत्र्यांच्या घसरगाड्या चालवत आणि पांढरी अस्वलं मारत. त्यांच्याकडे मिळालेली काचदगडाची, म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेसारख्या दगडाची, पाती सुमारे १,५०० किलोमीटरवरच्या ठिकाणची आहेत. एवढ्या लांबून दगड येतो तर निरोपही येत असणार, आणि स्थळंही.

मुळामुठा | रात्री ८:१५

एवढा मराठी धागा झाला आणि लोकमान्यांचं नाव कोणीच घेतलं नाही? टिळकांनी १९०३ मध्येच मांडलं होतं की आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये. वेदांतली लांबलचक उषा, सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र. आता रशियन लोकांना तिथे ३२ हजार वर्षांपूर्वीची वस्ती मिळते, म्हणजे टिळक खरे ठरले ना?

शंकेखोर | रात्री ८:२१

आलं. घड्याळ लावून बसलो होतो.

आडवाट | रात्री ९:०५

शंकेखोर, जरा दमाने. प्रश्न रास्त आहे.

टिळकांची मांडणी त्यांच्या काळच्या भूशास्त्रावर उभी होती. हिमयुगाआधी आर्क्टिक राहण्याजोगा सौम्य होता आणि इ. स. पू. १०,००० ते ८,००० च्या सुमारास बर्फाने ते घर बुडवलं, असा त्यांचा क्रम. आज खोल बर्फात भोक पाडून काढलेले बर्फाचे गाभे आणि समुद्रतळाचा गाळ तपासून जे कळलंय ते याच्या उलट आहे. त्या सुमारास हिमयुग संपत होतं. त्याआधीची कितीतरी हजार वर्षं कडाक्याची गेली होती. यानाचे लोक उबदार आर्क्टिकमध्ये राहत नव्हते, थंडीतच राहत होते. आणि वैदिक संस्कृत त्या काळापासून इतकी दूर आहे की मध्ये शेकडो पिढ्या बसतात. त्यामुळे खरे ठरले असं नाही म्हणता येणार.

पण एक गंमत सांगतो. बैकल सरोवराजवळ माल्ता नावाची जागा आहे, तिथे २४ हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाचा जनुकपट वाचलाय. तो यानावाल्यांच्या गोतावळ्यातलाच. त्याच्या लोकांचा वारसा एका बाजूने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत गेला, आणि दुसऱ्या बाजूने पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांत. त्या पशुपालकांचा अंश पुढे युरोपात पसरला आणि थोडा भारतातही आला. तेव्हा तुमच्या-माझ्यात त्या बर्फातल्या शिकाऱ्यांचा एखादा थेंब असणं शक्य आहे. त्याला घर म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी नाही म्हणणार.

मुळामुठा | रात्री ९:४०

थेंबावर समाधान मानतो. पण माणसाने सिंहगडावर बसून आर्क्टिकचा विचार केला, हे तरी कबूल करा.

आडवाट | रात्री ९:४४

कबूल. शंभर वेळा.

कोवळं_ऊन | रात्री ११:३०

कॅनडातल्या एडमंटनहून. इथे सकाळ आहे, बाहेर उणे २९. रात्री गाडीलाही प्लगला लावून ठेवावं लागतं, नाहीतर इंजिन सकाळी ओळख देत नाही. म्हणून शंकेखोरांच्या 'किती मेले' मध्ये मला फार रस आहे.

ग्रीनलंडची गोष्ट कोणीच सांगितली नाही. इ. स. ९८५ च्या सुमारास आइसलंडहून नॉर्स, म्हणजे व्हायकिंग मुळाचे, लोक तिथे गेले, गाईगुरं घेऊन, चर्च बांधून राहिले. त्यांची शेवटची लेखी नोंद १४०८ मधल्या एका लग्नाची आहे. त्यानंतर काही दशकांत वस्ती संपली. साधारण १३ व्या शतकात अलास्काहून थुले लोक, म्हणजे आजच्या इनुइटांचे पूर्वज, कुत्र्यांच्या गाड्या आणि कातडी होड्या घेऊन त्याच ग्रीनलंडला पोचले, आणि आजही आहेत. अलास्का ते ग्रीनलंड हा पल्ला त्यांनी अवघ्या काही पिढ्यांत मारला. आडवाटांचा वर्षाला एक किलोमीटर इथे साफ मोडतो. का एवढी घाई? एक मत असं की देवमाशांच्या मागे. दुसरं असं की लोखंडासाठी, कारण वायव्य ग्रीनलंडला केप यॉर्कपाशी लोखंडी उल्का पडलेल्या होत्या आणि त्यांचे तुकडे ठोकून पाती करत. मला दुसरं जास्त पटतं, पण ते बहुधा मी मेटलर्जीवाली असल्यामुळे.

आडवाट | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:५०

ताई, बरोबर पकडलंत. एक किलोमीटर ही नुसती सरासरी. काही शतकं लोक जागचे हलत नाहीत आणि मग एक पिढी अचानक सुटते.

आणि शंकेखोर, तुमची भाऊबंदकी बाकी होती. ओय्म्याकोनच्या मुलुखात आज राहतात ते साखा, म्हणजे याकूत. यांची भाषा तुर्की कुळातली. हे मूळचे दक्षिणेचे, बैकलच्या बाजूचे, घोडे आणि गुरं पाळणारे. १३ व्या शतकाच्या आसपास लेना नदीच्या कडेकडेने वर सरकले, आणि त्यामागे दक्षिणेकडून मंगोल टोळ्यांचा रेटा होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे थोरल्याने ज्या गावाबद्दल विचारलं, तिथल्या लोकांपुरतं दादांचं पहिलंच उत्तर जवळ जातं. हाकलले होते. फक्त घोडे बरोबर होते. साखांचा घोडा बुटका, केसाळ, उणे ५० मध्येही बाहेर राहून बर्फ उकरून चरतो.

ओय्म्याकोन या नावाचा अर्थ 'न गोठणारं पाणी' असा सांगतात. गावाजवळ झरा आहे, रेनडियरवाले जनावरांना पाणी पाजायला तिथे थांबत.

शंकेखोर | सकाळी ८:१०

भाऊबंदकी सिद्ध. माझं इथलं काम संपलं.

द्राक्षवाला | पहाटे ५:०५, तिसरा दिवस

सगळं वाचलं, थोरल्याला वाचून दाखवलं. त्याला सुंगिरचे मणी आणि उवा आवडल्या. आईनं सुईदोरा ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला, आणि कंडरेच्या दोऱ्याला गाठ कशी मारायची असं विचारतेय. ताई, माहीत असेल तर सांगा.

आज ५.४. आत्ता मोटर सुरू करून आलो. बोरचं पाणी या दिवसांत कोमट येतं, आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पण ते न गोठणाऱ्या पाण्याचं वाचल्यावर आज पहिल्यांदा पाईपाच्या तोंडाशी हात धरून उभा राहिलो. वाफ निघत होती. थोरलापण आला, त्यानं चप्पल काढून दोन्ही पाय पाण्यात धरले. शेजारच्या वाड्यावरची चार मेंढरं बांध ओलांडून तिथंच प्यायला आली, मी हाकललं नाही.